गोळी रक्तदाबाची, काम नाडीचे

शिरूरच्या घोडनदी बाजारपेठेत काय किंवा दौंडच्या रेल्वे जंक्शनलगतच्या पेठेत काय, व्यापारी कुटुंबाच्या घरात औषधांचा एक डबा असतोच. त्या डब्यातील पट्ट्यांना घरात नाव असते ते रोगाचे. एक साखरेची, एक ॲसिडिटीची, एक बीपीची. औषधाचे खरे नाव सहसा कोणी उच्चारत नाही. एरवी ही सोय निरुपद्रवी. पण एका प्रसंगी ती घात करते. छातीत एकाएकी धडधड सुरू होते, नाडी दीडशे-पावणेदोनशेवर जाते, डॉक्टर तपासून मेटोप्रोलॉल किंवा त्याच जातीची एखादी गोळी लिहून देतात, आणि पट्टी हाती देताना औषध विक्रेता सहज म्हणून जातो, "ही बीपीची." घरी रक्तदाब मोजावा तर तो अगदी १२०/८०. मग सासूबाई, मोठे दीर, शेजारच्या दुकानातले काका या सर्वांचे एकच मत पडते. बीपी नसताना बीपीची गोळी कशाला? एकदा लागली की जन्मभर सुटायची नाही. चार दिवसांनी पट्टी डब्यात जाते आणि तेथेच राहते.

या समजुतीत दोन चुका आहेत. पहिली अशी, की ही गोळी मुळात रक्तदाबासाठी जन्मलीच नव्हती. दुसरी अधिक गंभीर. काही आठवडे नियमित घेतलेली ही गोळी एकदम बंद करणे हे ती न घेण्यापेक्षाही धोक्याचे ठरू शकते. आपल्या समाजात उपवास, चौविहार आणि चातुर्मासातील तपस्या यांमुळे गोळी मध्येच सुटण्याचे प्रसंग वारंवार येतात. म्हणून हा विषय कुटुंबात बसून एकदा नीट समजून घेण्याजोगा आहे.

हृदयाला स्वतःची वीज असते. उजव्या कप्प्याच्या वरच्या भागातील पेशींचा एक लहानसा पुंजका ठरावीक लयीत ठिणगी टाकतो आणि त्या तालावर निरोगी प्रौढाचे हृदय विसाव्याच्या वेळी मिनिटाला साठ ते शंभर ठोके देते. भीती, राग, धावपळ अशा वेळी शरीरात ॲड्रिनलिन स्रवते आणि हा ताल वाढतो. ॲड्रिनलिनचा संदेश पेशीला पोहोचतो तो तिच्यावरील ग्राहक-स्थानांतून. १९४८ साली रेमंड अह्लक्विस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने ही स्थाने दोन प्रकारची असल्याचे मांडले आणि त्यांना अल्फा व बीटा अशी नावे दिली. त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही.

लक्ष दिले ते स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी. मोटार अपघातानंतर आलेल्या हृदयविकाराच्या झटक्याने त्यांच्या वडिलांचे निधन झाले होते. हृदयशूळाच्या रुग्णाला रक्तपुरवठा वाढवून देण्याची खटपट त्या वेळी सर्वत्र चालू होती. ब्लॅक यांनी हिशेबाची दुसरी बाजू पाहिली. पुरवठा वाढत नसेल तर हृदयाची मागणीच कमी करावी. बीटा स्थानांवर कुलूप घातले तर ॲड्रिनलिनचा हुकूम हृदयापर्यंत पोहोचणार नाही, ठोके मंदावतील आणि प्राणवायूची गरज घटेल. व्यापाऱ्याला हा विचार उलगडून सांगावा लागत नाही. आवक वाढत नसेल तेव्हा खर्च आवरण्याचे शहाणपण तो रोजच वापरतो. इंग्लंडमधील आयसीआय कंपनीत ब्लॅक यांनी प्रथम प्रोनेथॅलॉल तयार केले. प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये त्याने गाठी निर्माण झाल्याचे आढळताच ते बाजूला पडले आणि १९६०च्या दशकाच्या मध्यात प्रोप्रॅनोलॉल आले. १९८८ साली ब्लॅक यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हे काम होते.

या औषधाने रक्तदाबही उतरतो, हे १९६४ मध्ये प्रिचर्ड आणि गिलम या ब्रिटिश डॉक्टरांनी दाखवून दिले. म्हणजे रक्तदाब हा या गोळीचा नंतर लक्षात आलेला गुण. पुढे रक्तदाबाचे रुग्ण संख्येने इतके अधिक निघाले, की गोळीची ओळखच त्या नावाने पक्की झाली. तेव्हा नाडीच्या रुग्णाला ती देताना डॉक्टर काही आडमार्गाने जात नसतात. गोळी आपल्या मूळ कामावर परत येते, एवढेच.

औषध एका कामासाठी द्यावे आणि त्याचा परिणाम नाडीवरही दिसावा, याचे आणखी जुने उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आयुर्वेदातील वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील अभ्यास १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. बंगालच्या वैद्यकीय वर्तुळात त्याआधीही तिच्यावर काम झाले होते. पण जगाचे लक्ष वळले ते वकील यांच्या लेखामुळे. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत सर्पगंधेतील रेसर्पिन हे सत्त्व वेगळे करण्यात आले. १९५७ साली वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनने दाब उतरे आणि नाडीही मंद होई. मात्र काही रुग्णांच्या मनावर गडद उदासी येई, नाक चोंदे, आणि सोयीची औषधे येताच त्याचा वापर मागे पडला. 'वनस्पतीचे आहे म्हणजे बाधणार नाही' असे मानून आजही सर्पगंधेची चूर्णे परस्पर घेणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा. ज्या सत्त्वात दाब उतरवण्याची ताकद असते, त्याला दुष्परिणामही असतातच.

आता डब्याकडे वळू. रक्तदाबाच्या सगळ्याच गोळ्या नाडी आवरत नाहीत, ही गोष्ट बहुतेक घरांत माहीत नसते. आज सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी ॲम्लोडिपिन ही रक्तवाहिन्या सैल करते; नाडी मंद करण्याचे काम तिचे नव्हे, उलट काहींना तिच्यामुळे धडधड जाणवते. टेल्मिसार्टन, लोसार्टन यांचाही नाडीच्या वेगाशी थेट संबंध नाही. लघवीवाटे पाणी व क्षार काढून टाकणाऱ्या गोळ्यांनी शरीरातले पोटॅशियम उतरले तर लय उलट बिघडू शकते. नाडीवर लगाम घालतात ते दोन गट. एक बीटा रोधकांचा, म्हणजे मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल. दुसरा व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम यांचा. हे दोघे कॅल्शियम रोधक असून ॲम्लोडिपिनचे भाऊबंद आहेत, पण स्वभावाने वेगळे. सासऱ्यांची बीपीची गोळी सुनेच्या धडधडीवर देऊन पाहणे म्हणजे दुसऱ्याच्या किल्लीने आपले कुलूप उघडू पाहणे. त्यातही दोन्ही गटांतील गोळ्या एकाच वेळी परस्पर घेतल्या गेल्या तर नाडी धोकादायक इतकी मंद होऊ शकते. दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत सिप्लासारख्या कंपन्यांचे औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. औषधांचा कच्चा माल ज्या तालुक्यातून देशोदेशी जातो, तेथील घरांत पट्टीवरचे नाव वाचण्याची सवय नसावी, हे थोडे विचित्रच.

गोळी सुरू करण्याआधी धडधड कशाची आहे हे ठरावे लागते. रक्तक्षय, थायरॉइडचा अतिरेक, ताप, पाणी कमी पडणे, दुकानात दिवसभर येणारा चहा, सर्दीच्या काही गोळ्या यांनीही नाडी वाढते. तेथे इलाज मूळ कारणावर. खरा विजेचा बिघाड वेगळा. त्यातील एक प्रकार, ज्याला डॉक्टर 'एसव्हीटी' म्हणतात, तो बटण दाबल्यासारखा सुरू होतो आणि तसाच थांबतो. तो तरुणांतही आढळतो, आणि अनेक स्त्रियांची ही तक्रार घरात 'टेन्शन' या नावाखाली वर्षानुवर्षे निकालात काढली जाते. दुसरा, उतारवयात अधिक दिसणारा, 'एट्रियल फिब्रिलेशन'. यात नाडी जलद असतेच, शिवाय पूर्ण बेताल असते. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी मेंदूत जाण्याची, म्हणजे पक्षाघाताची शक्यता यात सुमारे पाचपट होते. म्हणून अशा अनेक रुग्णांना नाडीच्या गोळीच्या जोडीला रक्त पातळ ठेवणारे औषधही लागते.

हे निदान ज्या कागदावर होते तो ईसीजी. आणि तो झटका चालू असतानाच निघाला पाहिजे. येथे शिरूर-दौंडकरांची एक विशिष्ट अडचण आहे. धडधड सुरू झाली की गाडी काढून थेट पुणे गाठण्याची रीत पडली आहे. दोन्ही गावांहून पुणे सत्तर-ऐंशी किलोमीटर. वाटेत वाघोलीची किंवा हडपसरची कोंडी. मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोहोचेतो हृदय आपोआप ताळ्यावर आलेले असते. ईसीजी निर्दोष येतो, 'काही नाही, चिंता करू नका' असे ऐकून मंडळी परततात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याऐवजी धडधड चालू असताना गावातलाच, हाकेच्या अंतरावरचा दवाखाना किंवा शासकीय रुग्णालय गाठून ईसीजीची पट्टी काढून घ्यावी. तो एक कागद पुण्याच्या तज्ज्ञाला दहा फेऱ्यांपेक्षा अधिक सांगतो. मात्र छातीत दुखत असेल, दम लागला असेल, दरदरून घाम येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

एसव्हीटीचा झटका औषधाविना थांबवण्याची एक कृती आहे. रुग्णाला अर्धवट टेकून बसवायचे, पंधरा सेकंद जोर लावून फुंकायला लावायचे (रिकाम्या सिरिंजचा दट्ट्या फुंकरीने हलवण्याइतका जोर), आणि लगेच आडवे करून त्याचे पाय पंधरा सेकंद ४५ अंशांत उचलून धरायचे. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात या पद्धतीने शंभरातील ४३ रुग्णांची लय पूर्ववत झाली. नुसते बसून फुंकणाऱ्यांत हे प्रमाण १७ होते. ही कृती आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावी आणि आपल्याला ती चालते का हे विचारावे. डोळे दाबण्याचा जुना उपाय मात्र कोणीही करू नये. त्याने डोळ्यालाच इजा होते.

निदान झाले, गोळी लिहून मिळाली, म्हणजे काम संपले असे नाही. येथून पुढे काही आठवडे ती 'लावून पाहण्याचा' काळ असतो. डॉक्टर लहान मात्रेने सुरुवात करतात आणि नाडी व रक्तदाब पाहून ती वाढवतात. सुरुवातीला थकवा, हातपाय गार पडणे, उठताना घेरी, क्वचित विचित्र स्वप्ने असा त्रास संभवतो. पुष्कळांचा तो काही दिवसांत ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही त्यांना त्याच गटातील दुसरे औषध मानवू शकते. ज्यांचा रक्तदाब मुळात कमी असतो, त्यांच्या बाबतीत घरच्यांची शंका अगदीच निराधार नसते. नाडीसाठी दिलेली गोळी दाबही उतरवतेच, म्हणून मात्रा जपून ठरवावी लागते. दमा असल्यास तो प्रथम सांगावा, कारण प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे श्वासनलिका आवळतात. धान्याच्या धुळीत आयुष्य काढलेल्या आडत्यांमध्ये हा प्रश्न काल्पनिक नाही. मधुमेह असल्यास तोही सांगावा. साखर फार उतरली की छाती धडधडते आणि हात थरथरतात, हा शरीराचा इशारा असतो. बीटा रोधकाने तो झाकला जातो. घाम तेवढा येतो.

नोंद ठेवण्याविषयी दोन शब्द. ज्या घरात रोजकीर्द पै-पैची लिहिली जाते, त्याच घरात नाडीची नोंद एका ओळीचीही नसते. रक्तदाबाच्या घरगुती यंत्रावर तिसरा आकडा नाडीचा असतो आणि बहुतेकजण तो पाहतच नाहीत. सकाळी पाच मिनिटे शांत बसून तिन्ही आकडे लिहावेत. झटका आला तर कधी सुरू झाला, किती वेळ टिकला, आधी काय केले-खाल्ले, हे लिहावे. नाडी बेताल असेल तर यंत्राचा एकच आकडा विश्वासाचा नसतो. तीन वेळा मोजावे आणि मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. विसाव्याची नाडी पन्नासच्या खाली जाऊ लागली, किंवा घेरी येऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

गोळी जन्मभराची असतेच असे नाही. एसव्हीटीच्या नेहमीच्या प्रकारांत मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन विजेची चुकीची वाट उष्णतेने बंद करता येते. या ॲब्लेशनला सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्णांत यश येते. पेसमेकर लागण्याचा धोका अल्प असतो, पण असतो. पुण्यात ही सोय आहे. तिशीतल्या सुनेने वीस वर्षे गोळी घ्यावी की एकदा हे करून घ्यावे, हा निर्णय तिचा आणि तिच्या डॉक्टरांचा. लग्नाच्या किंवा बाळंतपणाच्या विचाराने तो कुटुंबात लपवून ठेवण्याचे कारण नाही.

राहिला प्रश्न व्रतांचा, आणि खरी कसोटी तेथेच आहे. बीटा रोधक नियमित चालू असताना शरीर गप्प बसत नाही. झाकलेल्या ग्राहक-स्थानांची संख्या वाढवून ते ॲड्रिनलिनविषयी अधिक संवेदनशील होते. गोळी एकाएकी थांबली की हे सारे दार एकदम उघडते. नाडी पूर्वीपेक्षा जोरात उसळते, रक्तदाब चढतो, आणि ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणून औषध बंद करायचेच असेल तर डॉक्टर ते एक-दोन आठवड्यांत उतरवत नेतात. पर्युषणाच्या पहिल्या दिवशी औषधाचा डबा कपाटात ठेवून देणे किती जोखमीचे आहे, हे यावरून कळावे.

चौविहाराचा हिशेब साधा आहे, पण तो मांडावा लागतो. दौंडला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. नवकारसीचे ४८ मिनिटे धरली तर संध्याकाळच्या आणि सकाळच्या गोळीत जवळजवळ चौदा तासांचे अंतर पडते. दिवसातून दोनदा घ्यायच्या, लवकर ओसरणाऱ्या गोळीला ते पेलत नाही. पहाटेची धडधड कित्येकदा यातूनच येते. याच औषधांची दिवसभर सावकाश झिरपणारी, एकदाच घ्यायची रूपे मिळतात. चौविहार पाळणाऱ्याने डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तसे सांगितले, तर अनेकदा प्रश्न तेथेच सुटतो. फक्त ही गोळी चावून किंवा कुटून घ्यायची नसते.

निर्जळ उपवास, किंवा उकळलेल्या पाण्यावरची अठाई, ही नाडीच्या रुग्णासाठी वेगळीच परीक्षा. पाणी आणि क्षार घटले की नाडी आपोआप वाढते, उभे राहताच दाब घसरतो, पोटॅशियम उतरले की लय बिघडते. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर त्याचाही परिणाम आहाराबरोबर बदलू शकतो. काही रुग्णांना डॉक्टर मात्रा बदलून एकासना-आयंबिलाची मुभा देतील, काहींना लांब तपस्येला स्पष्ट नकार देतील. शास्त्राने या परिस्थितीचा विचार केलेला नाही असे कोणी समजू नये. उपवासाच्या पच्चक्खाणातच आगार आहेत, आणि त्यांतील सर्वसमाधिप्रत्यय आगार हा तीव्र व्याधीने समाधी ढळू लागली असता औषध घेण्याची सवलत देतो. ती कशी व केव्हा लागू होते, हे पच्चक्खाण घेण्यापूर्वी साधु-साध्वीजींना विचारावे, आणि विचारताना आजार लपवू नये. दर वर्षी अठाई करणाऱ्या आजींनी यंदा 'गोळी चालू आहे' एवढे सांगितले, तर त्यांच्या तपात काही उणे येत नाही.

यासाठी योग्य वेळ चातुर्मासापूर्वीची. आषाढ लागण्याआधी एकदा डॉक्टरांची भेट घ्यावी, पोटॅशियम-सोडियमची तपासणी करावी, आणि उपवासाच्या दिवशी कोणती गोळी किती वाजता, कोणती वगळायची, हे त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्यावे. त्या कागदाची एक प्रत घरातील सर्वांना दिसेल अशी ठेवावी. पारण्याच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले असते, वरघोडा असतो, मुगाच्या पाण्याची वाटी पुढे येते आणि गोळी नेमकी त्याच दिवशी विसरते. तपस्वी व्यक्तीची नाडी आणि रक्तदाब त्या सकाळी पारण्यापूर्वी एकदा आणि दुपारी पुन्हा एकदा मोजावा, आणि आधीच्या मात्रेवर कधी परतायचे ते त्याच कागदावर पाहावे.